जूनमध्येच निकाल लागतो
‘शहराच्या निवडणुकीत प्रायमरी म्हणजे नुसता दुप्पट खर्च’ हे लेखातलं म्हणणं न्यूयॉर्कला तरी लागू पडत नाही. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मुख्य निवडणुकीआधी होणारं मतदान. इथे डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर एवढा, की सिटी कौन्सिलच्या (शहराच्या सभागृहाच्या) बहुतेक जागा जूनच्या प्रायमरीतच ठरतात. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत चुरस क्वचितच उरते.

लेखात राहून गेलेला मुद्दा असा की प्रायमरीचं मतदान फक्त त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांसाठी असतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी मतदार नोंदणीच्या अर्जात ‘कोणताही पक्ष नाही’ यावर खूण केली होती. २०२५च्या प्रायमरीत महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी ममदानी-कुओमो लढत रंगली आणि त्यांना मतच देता येईना, कारण पक्ष नोंदवायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपलेली! प्रायमरी जरूर ठेवा, पण अशांनाही मत देऊ द्या. तिचा खर्च त्यांच्याही करातूनच होतो.