पैसे द्या, पण परतावा कुणाच्या खिशात?

पुण्यात उद्योग आणि रोजगार वाढवण्यासाठी महापालिकेने स्वतंत्र कंपनी काढावी आणि तिला दरवर्षी निधी द्यावा, असं एका लेखात सुचवलंय. कल्पना वाईट नाही, पण लेखकाने महापालिकेचं उत्पन्न कुठून येतं हे बघितलेलं दिसत नाही. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर, होती तेव्हा शहरात माल वाढला की तिजोरीही वाढायची. मग तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता बुडालेल्या त्या कराची पुण्याला राज्याकडून भरपाई मिळते, आणि ती जुन्या उत्पन्नावर ठरावीक दराने वाढते. उद्या हिंजवडीपेक्षा मोठा आयटी पार्क महापालिकेच्या हद्दीत आला तरी त्या भरपाईत एक रुपयाही वाढ नाही. हाती येणार तो मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. जीएसटी मात्र राज्याचा आणि केंद्राचा. मग खर्च एकट्या पुणेकराने का करायचा? राज्याने निम्मा वाटा उचलावा, मग बोलू.

आणि स्वतंत्र कंपनीचा अनुभव आपण घेतलाय की! केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेसाठी काढलेल्या कंपनीत महापालिका आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार होते. संचालक मंडळावर महापौर होते, पण मार्च २०२२ मध्ये महापौर आणि नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. त्या कंपनीने केलेले औंधचे पदपथ छान झाले, नाही म्हणत नाही. पण नव्या कंपनीला निधी द्यायचाच तर तिचा हिशोब दरवर्षी मुख्य सभेत, नगरसेवकांसमोर मांडण्याची अट ठरावातच घाला.