‘साभार’ लिहिले म्हणजे परवानगी मिळत नाही

दुसऱ्याचे चित्र न विचारता उचलायचे, आपल्या खात्यावर मिरवायचे आणि कोणी जाब विचारलाच तर ‘हा फेअर यूज आहे’, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याने चालणारा उचित वापर आहे, असे वर ठणकावून सांगायचे, या मुजोरीचा आता अक्षरशः वीट आला आहे. असे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो कायदा उघडून पाहिलेला असतो, हा प्रश्नच आहे. कित्येक महाभाग तर व्हिडिओखाली ‘कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७ अन्वये’ असा एक तयार परिच्छेद चिकटवून निर्धास्त होतात. ते कलम अमेरिकेच्या कायद्यातले आहे, आणि परिच्छेद चिकटवणाऱ्यास सर्व माफ, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

ते कलम न्यायालयाला चार गोष्टी पाहायला सांगते: वापर कशासाठी आणि कोणत्या स्वरूपाचा आहे, मूळ कृती कोणत्या प्रकारची आहे, तिच्यातला किती आणि कोणता भाग घेतला, आणि त्या वापरामुळे मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम होतो. हे सारे एकत्र तोलून प्रत्येक प्रकरणाचा निर्णय वेगळा होतो. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’, ‘दहा टक्के घेतले तर हरकत नाही’ हे छातीठोकपणे सांगितले जाणारे आकडे त्या कलमात नाहीतच. भारताच्या १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ तर याहून काटेकोर आहे. खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशी कारणे त्यात स्पष्ट नोंदवलेली आहेत. ‘आवडले म्हणून लावले’ हे कारण मला तरी त्यात सापडलेले नाही.

माझ्या एका जलरंगातल्या चित्राचे काय झाले ते पाहा. खिडकीशी बसलेली एक म्हातारी आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही. चित्राखाली मी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना नमूद केला होता: नाव द्या, बदल करू नका, व्यवसायासाठी वापरू नका, बाकी खुशाल वाटा. यापेक्षा सोपे आणखी काय लिहायचे? तरीही आपला माल विकणाऱ्या एका खात्याने ते उचलले, सही जावी म्हणून खालची पट्टी अशी कापली की सहीबरोबर म्हातारीची पावलेही गेली, खिडकीतून येणाऱ्या उजेडावर पिवळ्या अक्षरांत एक सुविचार थापला आणि डाव्या कोपऱ्यात स्वतःचा लोगो ठोकला. परवान्याच्या तिन्ही अटी एकाच फटक्यात धाब्यावर!

विचारणा केल्यावर आलेली उत्तरे मला आता तोंडपाठ आहेत. ‘गुगलवर मिळाले’, जणू गुगलनेच ते रंगवले होते. ‘कुठेही कॉपीराइटची खूण नव्हती’. पण कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ साली झालेल्या सुधारणेपासून हे तत्त्व मान्य झालेले आहे की हक्क मिळण्यासाठी ना नोंदणी लागते, ना खूण. कृती तयार झाली की हक्क तिच्यासोबतच येतो. ‘तुमचीच प्रसिद्धी होते आहे’, हे सही कापणाऱ्याने सांगावे! आणि शेवटी उपकार केल्याच्या थाटात, ‘बरे, साभार टाकतो, मग तर झाले?’ नाही, झाले नाही. नाव देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव दिल्याने वाङ्मयचौर्याचा आरोप टळेल, पण विनापरवाना वापर तसाच राहतो.

सर्वांत जास्त चीड येते ती याची की फेअर यूजची ही सवलत खरोखर मोलाची आहे. समीक्षकाने माझे चित्र छापून त्याची सालटी काढावीत. त्याला माझ्या परवानगीची गरज नाही आणि ती नसावीच. विडंबनाचेही तेच. १९९४ मध्ये एका विडंबनगीताच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ त्यातून पैसे मिळतात म्हणून वापर आपोआप अनुचित ठरत नाही. टीकेचे तोंड बंद करण्यासाठी कॉपीराइटच्या तक्रारी ठोकणारे हक्कधारकही माझ्या मते तितकेच निर्लज्ज आहेत. पण ही ढाल टीकाकारासाठी आहे, आयत्या बिळावरच्या नागोबांसाठी नव्हे. तिथे अँडी वॉरहॉल या जगप्रसिद्ध अमेरिकी चित्रकाराच्या नावाचाही उपयोग झाला नाही. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये काढलेल्या गायक प्रिन्सच्या छायाचित्रावरून वॉरहॉलने चित्रे केली, आणि २०१६ मध्ये त्यांतले एक चित्र नियतकालिकाला मुखपृष्ठासाठी पैसे घेऊन दिले गेले, तेव्हा गोल्डस्मिथ यांच्या वाट्याला ना मोबदला आला ना श्रेय. २०२३ मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या वापराच्या उद्देशाचा मुद्दा गोल्डस्मिथ यांच्या बाजूने ठरवला. कारण वॉरहॉलचे चित्र तिथे छायाचित्राचेच काम करत होते.

परवानगी मागायला एक ओळ पुरते. जे विचारतात त्यांना मी बहुधा हो म्हणते, आणि काम विनामूल्य असेल तर पैसेही घेत नाही. या खात्याला मात्र मी चित्र काढून टाकण्याची नोटीस पाठवली असून सोबत व्यावसायिक वापराच्या शुल्काचे बिल जोडले आहे. ‘एवढे मनाला का लावून घेता?’ असे उत्तर आले आहे. बिलाबद्दल चकार शब्द नाही.