गाण्यातला विनोद ऐकू तर येऊ द्या!

दर फ्रिंज महोत्सवात, म्हणजे छोट्या नाटकमंडळ्यांच्या खुल्या नाट्यमेळ्यात, तेच. संगीत विनोदी नाटक बसवायचं म्हटलं की खर्च कमी करताना पहिली कुऱ्हाड वादकावर. "आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावा ना, काय फरक पडतो?" फरक पडतो हो! प्रेक्षक हसले की कीबोर्डवाला नटाकडे बघतो, दोन मात्रा जास्त वाजवतो, हशा ओसरला की पुढची ओळ देतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पुढचा विनोद त्याच हशाखाली गाडला जातो, आणि वर आम्हालाच ऐकवतात, "दुसरं कडवं पडलं."

त्यात स्लॉट जेमतेम तासाभराचा. आधीचा संच सामान काढतोय तोवर आपलं मांडायचं, आवाजाची तपासणी प्रेक्षक दारात असताना!

स्कॉटलंडमधल्या एडिंबरात १९४७ साली तिथल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या, त्यातून फ्रिंज उभं राहिलं. काटकसर त्याच्या मुळातच आहे, मान्य. नेपथ्य नको, एक खुर्ची पुरे. कपडे घरचेच घालू. पण एक जिवंत वादक आणि शेवटच्या रांगेला शब्द कळतील इतका आवाज, यावर कात्री चालवू नका. विनोदी गाण्यात शब्दच गेला तर उरतं काय?