पांढरी दोनवर चढलो, काळी एकवर उतरलो : एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जुना श्रोता' यांना नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. एकदा रागाने, एकदा चहा झाल्यावर. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी सार देते. आमच्या कॉयरने, म्हणजे समूहगायनाच्या वृंदाने, डिसेंबरात गायलेल्या लॉरिडसन, टॅव्हनर आणि मॅकमिलन या पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचना तुम्हाला 'मसाजच्या खोलीत लावायचं धुकं' वाटल्या. हौशी लोकांना झेपावं म्हणून हे संगीत पातळ केलेलं आहे, त्यापेक्षा बाख गा, असं तुमचं म्हणणं. श्रद्धा नसताना चर्चमध्ये उभं राहून स्तोत्रं म्हणणं म्हणजे ढोंग. आणि जाता जाता, मी जोडलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही सगळे मूळ सुरावरून खाली उतरलेलो आहोत.

शेवटचं आधी घेते, कारण ते खरं आहे. पांढरी दोनवर (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) सुरू केलेला लॉरिडसन आम्ही अर्धा स्वर खाली, काळी एकच्या आसपास कुठेतरी नेऊन ठेवला. साथीला ऑर्गन नाही, पियानो नाही. सहा-साडेसहा मिनिटं चाळीस माणसं एकमेकांच्या कानांच्या भरवशावर. टाळ्या चालू असतानाच आमच्या कंडक्टरबाईंनी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाला लावला आणि भुवई वर केली. तेवढंच. रेकॉर्डिंग मी काढलेलं नाही, काढणारही नाही.

धुक्याचं म्हणणं अर्धं मान्य. संथ लय, दोन ओळी लॅटिन, स्वराला स्वर चिकटवून केलेले दाट गुच्छ आणि शेवटी सगळं विरत जाणं, असला माल सध्या भरपूर निघतो. दर वर्षी तसल्या एक-दोन रचना आमच्याही फाइलीत येतात आणि जानेवारीत त्यांची चालसुद्धा आठवत नाही. पण या तिघांना तुम्ही त्याच पोत्यात भरलंत, तिथे माझी हरकत आहे. पस्तीस वर्षं सवाई गंधर्व ऐकताय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सरगमच्या भाषेत बोलते.

टॅव्हनरची 'द लॅम्ब' (कोकरू) घ्या. १९८२ सालची, तीन वर्षांच्या भाच्याच्या वाढदिवसासाठी लिहिलेली, शब्द कवी विल्यम ब्लेकचे. सा म्हणजे जी, पांढरी पाच, धरा. पहिली ओळ सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या बाया, एकट्या गातात: सा ग रे, मंद्र नी, सा. सगळे शुद्ध. बालवाडीतलं गाणं. दुसऱ्या ओळीला त्या पुन्हा तेच गातात आणि आम्ही अल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बाया, त्याचं आरशातलं प्रतिबिंब गातो: त्या जितक्या वर तितक्याच आम्ही खाली. म्हणजे सा, मंद्र कोमल ध, कोमल नी, मग कोमल रे, सा. एकाच षड्जावर उभं राहून वरच्या बाया बिलावलात आणि आम्ही भैरवीच्या घरात! चौथ्या स्वरावर त्या शुद्ध नीवर असतात, आम्ही कोमल रेवर, म्हणजे आम्ही त्यांच्या वर चढलेल्या असतो, आणि षड्ज मधे दोन्हीकडून चिमटीत. तिसऱ्या ओळीत हे दोन्ही तुकडे एकाच चालीत सांधले जातात: सा ग रे नी, कोमल ध, कोमल नी, कोमल रे. सात स्वर. चौथी ओळ म्हणजे तेच सात उलट क्रमाने. कागदावर हे दोन पानांत मावतं. यात धुकं कुठे आहे? मला तर ते भूमितीच्या प्रमेयासारखं वाटतं, आणि तरीही कोकराचंच गाणं राहतं.

आता लॉरिडसन. 'ओ माग्नुम मिस्तेरियुम' (हे महान गूढ), ख्रिस्तजन्माचं लॅटिन स्तोत्र, १९९४, लॉस एंजेलिसच्या मोठ्या व्यावसायिक कॉयरने पहिल्यांदा गायलेलं. हौशींनी ते नंतर उचललं. पॅसाडीनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात झुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचं १६३३ सालचं एक चित्र आहे: लिंबं, संत्री, पाण्याचा कप, एक गुलाब, मागे मिट्ट काळोख. तसं काहीतरी सुरांत करायचं होतं, असं लॉरिडसनने स्वतः लिहिलंय. रचना डी मेजरमध्ये, म्हणजे सा पांढरी दोन आणि सगळा शुद्ध मामला. पूर्ण रचनेत मूळ सप्तकाबाहेरचा स्वर एकच. 'वीर्गो' म्हणजे कुमारी, या शब्दावर जी शार्प. तीव्र मध्यम! बाळ जन्मल्याच्या आनंदात आईच्या पुढच्या दुःखाची कळ त्या एका स्वरात आहे.

तो गातं कोण? अल्टो. आमच्या कॉयरमध्ये आम्ही अकराजणी.

कमी घेतला तर शुद्ध मध्यमच चुकल्यासारखा वाटतो, रेटला तर पंचमाला जाऊन डकतो. यमन शिकणारी पोरं पहिल्या वर्षी नेमकं हेच करतात, तुम्ही ऐकलं असेल. त्या एका स्वरावर आम्ही सलग तीन मंगळवार घालवले. बाख आम्हीही गातो, आणि बाखमध्ये मी चार मात्रा हरवले तरी ऑर्गन, सेलो आणि शेजारची बाई मला बखोटीला धरून पुढे नेतात. इथे तशी सोय नाही. 'पातळ केलेलं' या शब्दाचा राग आला तो यामुळे. (टॅव्हनरचंच १९९३ सालचं 'साँग फॉर अथीन', डायनाच्या अंत्यविधीत शवपेटी बाहेर नेताना गायलेलं, त्यात बास, म्हणजे खर्जातले पुरुष, सुरुवातीपासून अखेरपर्यंत पांढरी चारवर षड्ज धरून असतात, आळीपाळीने श्वास घेत. माणसांचा तानपुरा. एकदा धरून बघा.)

मॅकमिलनबाबत तुमची माहितीच कमी पडते. तो ग्लासगोच्या मेरीहिल भागातल्या सेंट कोलंबा चर्चमध्ये साध्या पॅरिश कॉयरबरोबर, म्हणजे त्या चर्चला येणाऱ्या लोकांच्याच वृंदाबरोबर, काम करत होता, त्यांच्यासाठी दर आठवड्याला नवं स्तोत्र लिहीत होता. 'स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स' (छोटी धार्मिक समूहगीतं) लिहिली ती स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या कॉयरसाठी आणि चांगल्या हौशी कॉयरना गाता यावीत या बेताने. कोणाचे गळे आहेत हे माहीत असताना लिहिणं वेगळं आणि पातळ करणं वेगळं. त्यातलं 'ओ रेडियंट डॉन' आम्ही गायलो. २१ डिसेंबरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतले शब्द आहेत: हे तेजस्वी पहाटे, अंधारात बसलेल्यांकडे ये. मी राहते तिथे, स्कॉटलंडमध्ये, त्या दिवशी सूर्य पावणेचारला मावळतो. ऑफिसातून निघेपर्यंत मिट्ट काळोख, वर पाऊस. त्यानंतर हॉलमध्ये येऊन उजेडाला 'ये' म्हणताना मी ढोंग करत नव्हते, एवढं नक्की.

श्रद्धेचा प्रश्न मात्र तुम्ही विचारावा याचं नवल वाटलं. सवाई गंधर्वांचे गुरू कोण? अब्दुल करीम खाँ. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी संगीतसभा होते, आणि त्यांची 'जमुना के तीर' ही भैरवी ऐकताना गोकुळाबद्दल त्यांचा अधिकृत विश्वास काय होता हे कुणी विचारत नाही. इकडे व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराने १९०६ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या भजनसंग्रहाच्या चाली संपादित केल्या, आणि तो अज्ञेयवादी होता. माझ्या डाव्या हाताला गाणारी बाई दर रविवारी चर्चला जाते, उजव्या हाताची फक्त मंगळवारी येते. आवाज जुळतो की नाही, यावरूनच त्यांची भांडणं होतात.

उलटाही अनुभव आहे. मागे आम्ही कार्ल जेन्किन्सचं 'दि आर्म्ड मॅन' गायलं. मला ते फारसं आवडत नाही, तुम्हाला तर नक्कीच आवडणार नाही. पण त्यातलं 'टॉर्चेस' हे प्रकरण महाभारतातलं आहे, खांडववनाच्या आगीत होरपळणाऱ्या पशुपक्ष्यांचं. चर्चच्या कमानीखाली पन्नास स्कॉटिश माणसं खांडववन गात होती. चहाच्या वेळी मला विचारलं, ही आग लावली कोणी? मी म्हटलं, आमच्या नायकांनी. मग बराच वेळ कोणी बिस्किटाला हात लावला नाही.

एक विनंती. मार्चमध्ये आम्ही लॉरिडसन परत गातोय. रेकॉर्डिंग टाकीन. तानपुरा पांढरी दोनला लावा, शब्दांकडे लक्ष देऊ नका, फक्त 'वीर्गो' येईपर्यंत थांबा. मध्यम लागला का ते लिहा. आणि शेवटी कितीवर उतरलो, तेही.