बायोडेटातले दीड इंच

माझी उंची 5 फूट 6 इंच आहे. म्हणजे होती, गेल्या शनिवारी सकाळी सव्वाअकरापर्यंत.

मुलाला चार वर्षं झाली, बूस्टर द्यायचा म्हणून सांगलीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे वजन-उंची बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत घेतात आणि सिस्टर आकडे पुकारतात ते एसटी स्टँडवर जतची गाडी लागल्यासारखे. "वजन 19.5! उंची 106!" मी सभोवार नजर फिरवून घेतली. 'उंचीला चांगला आहे आमचा' हे वाक्य मी दोन वर्षं पुरवून पुरवून वापरतोय.

"आता आईवडिलांची," सिस्टर म्हणाल्या. पोरगा मोठेपणी किती उंच होईल त्याचा अंदाज काढतात म्हणे. आईबापाच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर 13 सेंटीमीटर मिळवायचे आणि निम्मे करायचे. बायको 157 भरली. मी बसल्या जागेवरून "5 फूट 6" म्हणून टाकलं.

"बूट काढा. टाचा भिंतीला."

फळी डोक्यावर टेकली. "164! म्हणजे 5 फूट साडेचार."

"मग दीड इंच कुटं ठिवलं?"

हे सिस्टर नाही बोलल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आटपाडीकडच्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर पाच वर्षांचा काटकुळा नातू आणि पायाशी स्टीलचा डबा. बायको माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाली, "167. जवळजवळ 5 फूट 6. म्हणजे तो बायोडेटा याचा होता तर."

आजी खुदकन हसल्या आणि आमच्या घरच्याच झाल्या. चिरंजीवाचा दंड चाचपून म्हणाल्या, "पोरगं न्हवं, पैलवान हाय! तालमीत घाला. आमचं बगा, पाप्याचं पितर. बरगड्या मोजून घ्या. तुमच्यातलं दोन किलो द्या की आमास्नी."

मी म्हटलं, "आजी, जरा जास्तच आहे त्याचं वजन."

"जास्त? आवो, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन वाढलोय आमी. जास्त काय असतंय ते आमाला कुनी दावलंच न्हाई." आणि डबा उघडून शेंगदाण्याचा लाडू पोराच्या हातात. मी हात पुढे करेपर्यंत अर्धा गेला होता. "खाऊ द्या. अंगानं हाय म्हणून तर उंच झालंय!"

आत डॉक्टरांनी मला हेच सांगितलं, फक्त लाडू न देता. अंगाने भरलेली मुलं लहानपणी थोडी लवकर उंच होतात, पुढे बाकीचे त्यांना गाठतात. तेव्हा उंचीचं वेगळं कौतुक नको. माझं एकमेव वाक्य गेलं. मग त्यांनी बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, आलेख दाखवला. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास बाळसं असतंच. नंतर मूल उंच होत जातं तसं सडसडीत होतं, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत ते सडसडीतच असायला हवं. त्यानंतर रेघ पुन्हा वर वळते. ती जितकी लवकर वळेल, तितका पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. आमची तिसऱ्या वर्षीच वळली होती. बीएमआय 17.4. या वयाला साधारण 15 च्या पुढेमागे असतो. "वजन उतरवू नका," त्या म्हणाल्या, "थोपवा. उंची वाढली की आपोआप मेळ बसेल."

थोपवा! कुठे थोपवू? घरी दोन आज्या आहेत. त्यांच्या मते बरगडी दिसली की आईचं लक्ष नसतं. बालवाडीत दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस, की चॉकलेट. उंची वाढवण्याच्या नावाखाली दुधात घालायला विकतात त्या पावडरीच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचा एकदा, साखर केवढी ती. आणि पळायला म्हणावं तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाटी, 'येथे मुलांनी खेळू नये'. गाड्यांना मात्र तिथे दिवसभर पाय पसरून झोपायची मुभा. या पाटीविरुद्ध मी बैठकीत बोललो होतो. अध्यक्षांनी मला उभं राहून बोलायला सांगितलं, तेव्हा मी उभाच होतो. आता वाटतं, त्यांना फरक कळला नसावा.

उंचीचं आणि आमचं जुनं वाकडं आहे. दोन वर्षांपर्यंत मूल झोपवून मोजतात, मग उभं करून. उभ्याने साधारण 0.7 सेंटीमीटर कमीच भरते. पोरगा आखडला म्हणून तेव्हा मी रात्रभर जागा होतो. मलाही शनिवारी झोपवून मोजायला हवं होतं.

बाहेर आलो तर आजी आमच्याआधीच तपासून येऊन तणतणत होत्या. "नार्मल हाय म्हनं! बरगड्या दिसत्यात आन् नार्मल! डाक्टर बदलायला पायजे." मी मनापासून मान डोलावली. डॉक्टर बदलायच्या बाबतीत त्या खोलीत आमच्या दोघांइतकं एकमत कुणाचंच नसेल.

आजींनी डबा उघडला. पोराने हात पुढे केला, मी तो मागे ओढला. मग आजींनी मला एकदा खालून वर न्याहाळलं, फार वेळ लागला नाही, आणि लाडू माझ्या हातावर ठेवला.

"तुमी खावा. वाढाल."