कुत्रे डिप्रेशनमध्ये गेले म्हणे!

सप्टेंबर उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. न्यूयॉर्कचा ढिगारा, त्यावर धुळीने माखलेली गोल्डन रिट्रीव्हर, आणि खाली मजकूर असा की ९/११ ला ३०० कुत्रे शोधाला नेले, नुसती प्रेतंच सापडत राहिल्याने ते डिप्रेशनमध्ये गेले, मग जवान स्वतः ढिगाऱ्यात लपायचे म्हणजे कुत्र्यांना जिवंत माणूस मिळाल्याचा आनंद व्हावा, आणि त्या विषारी धुळीने पुढे सगळे लवकर गेले. यंदा आत्याने टाकलाय, खाली पाच रडक्या इमोजी. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

मी न्यू जर्सीत असतो आणि महिन्यातले दोन रविवार अशा कुत्र्यांच्या एका व्हॉलंटियर टीमला मदत करतो. एक्स्पर्ट वगैरे नाही हां, सरावासाठी वासाच्या बरण्या लपवणारा हमाल.

आधी खरं ते सांगतो. ३०० च्या आसपास कुत्रे होते हे खरं, आणि माणसं लपायची हेही खरं. पण कारण भलतंच लावलंय. तिथे गेलेल्यांतले बरेच कुत्रे जिवंत माणूस शोधायला शिकवलेले, म्हणजे श्वास घेणाऱ्या माणसाचा वास आला की भुंकायचं आणि मग खेळणं मिळतं. शेवटची जिवंत व्यक्ती साधारण २७ तासांनी बाहेर काढली, त्यानंतर कुणीच नाही. मग दिवसभर राबून बिचाऱ्याला बक्षीस कुठून मिळणार? त्याचा हुरूप टिकावा म्हणून कुणीतरी लपायचं, तो शोधायचा, खेळणं घ्यायचा आणि परत कामाला. मृत्यूचं दुःख नाही हो, पगार थकला होता!

आता ‘प्रेतं बघून खचले’. ज्या कुत्र्याला मृतदेहच शोधायला शिकवलंय त्याच्यासाठी तो वास म्हणजे बॉल. सरावाला माणसाच्या शरीराचा असाच काही वास लागतो, म्हणून माझी काढलेली अक्कलदाढ मी टीमला देऊन टाकली (बायको अजून नाक मुरडते), ती भोकं पाडलेल्या डबीत घालून पाचोळ्याखाली ठेवतो. आमची काळी लॅब वाऱ्याच्या उलट दिशेने येते, डबीच्या पुढे निघून जाते आणि मग मान अशी झटक्यात मागे वळते की बघणाऱ्याच्याच मानेत उसण भरेल. दोन गिरक्या, नाक जमिनीला, आणि धपकन आडवी. नजर डबीकडे नाही, हँडलरच्या (तिला हाताळणाऱ्याच्या) खेळणं ठेवलेल्या खिशाकडे, आणि शेपटीने पाचोळा उडतोय. हिला डिप्रेशन? हां, हँडलर खचला की ते कुत्र्याला कळतं, तेवढं मान्य.

‘कुठलाही ट्रेन्ड कुत्रा हे करतो’ असं फॉरवर्डच्या शेवटी एका ओळीत ठोकून दिलंय. नाही करत. २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपात एनडीआरएफच्या रोमिओ-ज्युली या कुत्र्यांनी सहा वर्षांची मुलगी जिवंत शोधली, ते काम वेगळं. २०२४ ला वायनाडच्या दरडीत केरळ पोलिसांच्या माया-मर्फीने केलं ते वेगळं, ते मृतदेहांसाठीच शिकवलेले. गाडलेल्याचा वास तर मातीतून वर यावा लागतो, त्यासाठी बरेचदा लोखंडी सळई खुपसून भोकं पाडतात, थोडा वेळ थांबतात आणि मगच कुत्रा सोडतात.

राहिली विषारी धूळ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सिंथिया ओटो यांच्या टीमने तिथल्या ९५ कुत्र्यांवर शेवटपर्यंत लक्ष ठेवलं, सोबत तिथे न गेलेले शोध-कुत्रेही तुलनेला घेतले. दोन्हीकडे आयुष्य साधारण तेवढंच, पावणेतेराच्या आसपास. फुफ्फुसात धुळीचे कण सापडले, पण त्याने ते लवकर गेले असं काही दिसलं नाही. तिथे असताना त्रास झाला तो पंजे कापण्याचा आणि अंगातलं पाणी कमी होण्याचा.

आणि आत्या, फोटोतली ती रिट्रीव्हर मला तरी टेक्सासची ब्रिटनी वाटतेय. ९/११ ला ती दोन वर्षांची होती. गेली २०१६ च्या जूनमध्ये, सोळा वर्षांची होऊन.