स्ट्रॅटेजी गेमला सत्तर हजारांचा पीसी लागतो? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कोल्हापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: स्ट्रॅटेजी गेम (सैन्य, शहरं उभी करायच्या डावपेचाच्या गेम) खेळायच्या तर इंटेल कंपनीचा आय-सेव्हन प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू), १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी) आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड (चित्र काढणारा वेगळा भाग) लागतंच. सत्तर हजारांच्या खाली पीसी होत नाही. ऑफिसमधून निघालेले जुने पीसी म्हणजे भंगार. आणि अगदीच परवडत नसेल तर निदान एखादं स्वस्तातलं कार्ड टाकून घ्या.

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर रिपेअरीचं दुकान आहे. गेल्या महिन्यात शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ हा मेसेज मोबाइलवर उघडूनच आत आले. "हप्त्यावर घ्यायचा म्हणतोय, पोरगं लई मागं लागलंय." पोराला खेळायचं होतं काय, तर एज ऑफ एम्पायर्स टू आणि सिव्हिलायझेशन सिक्स. एवढ्यासाठी हा माणूस दोन वर्षं हप्ते भरणार होता. मला ते बघवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी ग्राफिक्स कार्ड. एज ऑफ एम्पायर्स टूची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे सुधारलेली नवी आवृत्ती, २०१९ ची आहे. बनवणाऱ्यांनीच दिलेल्या किमान यादीत ४ जीबी रॅम आहे आणि इंटेलचं एचडी ३००० चालेल असं लिहिलंय. एचडी ३००० म्हणजे २०११ च्या प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स, वेगळं कार्ड नव्हेच. सिव्हिलायझेशन सिक्स २०१६ ची. तिच्या किमान यादीत आय-थ्री (आय-सेव्हनपेक्षा साधा प्रोसेसर), ४ जीबी रॅम आणि इंटेलचं ५३० हे पोटातलंच ग्राफिक्स आहे, जे सहाव्या पिढीच्या (म्हणजे कंपनीनं काढलेल्या सहाव्या आवृत्तीच्या) आय-फाइव्हमध्ये आयतंच मिळतं. आता किमान म्हणजे किमानच. डिटेल्स खाली आणावे लागतील, आणि एज ऑफ एम्पायर्सचा तो जास्तीचा फोर-के (खूप बारीक चित्राचा) ग्राफिक्स पॅक मोफत असला तरी टाकायचा नाही. पण या गेममध्ये आपण वरून नकाशा बघत असतो. नेमबाजीच्या गेममध्ये चित्र क्षणभर अडकलं की माणूस मेला. सिव्हिलायझेशनमध्ये तर आपली पाळी येईपर्यंत चहा होतो.

मग ताण कुणावर येतो? प्रोसेसरवर. एज ऑफ एम्पायर्समध्ये आठ जण खेळत असतील आणि प्रत्येकाची लोकसंख्या २०० असेल, तर १६०० माणसं नकाशावर हिंडत असतात. प्रत्येकानं झाडाला वळसा कुठून घालायचा, भिंत आडवी आली तर काय करायचं, हा हिशोब प्रोसेसर करतो, आणि त्यातला मोठा भाग एकाच कोअरवर (प्रोसेसरच्या आत काम करणाऱ्या एका भागावर) पडतो. म्हणून किती कोअर आहेत यापेक्षा एक कोअर किती वेगात पळतो ते महत्त्वाचं. सिव्हिलायझेशन सिक्समध्ये तर दोन वेगळ्या चाचण्या दिल्यात, एक चित्रासाठी आणि एक कॉम्प्युटरला पाळी संपवायला किती वेळ लागतो ते मोजणारी. कमी पैशात घेणाऱ्यानं दुसरी बघावी.

इथंच "आय-सेव्हनच पाहिजे" हा मुद्दा गळून पडतो. आय-सेव्हन २०१३ चाही असतो. चौथ्या पिढीच्या त्या आय-सेव्हनपेक्षा बाराव्या पिढीच्या आय-थ्रीचा एक कोअर कितीतरी वेगवान आहे. नावावर जाऊ नका, पिढी विचारा. आणि नंबरच्या शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच राहते, आणि मग लोक माझ्याकडं "मदरबोर्ड गेलाय" म्हणत येतात.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन खेळताना प्रत्येकाचा पीसी सगळ्या नकाशाचा हिशोब स्वतः करतो आणि सगळे पीसी एका पावलानं चालतात. एकाचं मशीन दमलं की बाकीच्या सातही जणांची गेम रेंगाळते. तेव्हा प्रोसेसरवर अगदीच कंजुषी नको.

"स्वस्तातलं कार्ड टाका" हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण गरिबाचे पैसे इथंच जातात. जीटी १०३० हे कार्ड घ्या. एकाच नावाखाली ते दोन प्रकारांत विकलं गेलं. जीडीडीआर-५ मेमरीचं सेकंदाला ४८ जीबी माहिती नेतं, डीडीआर-४ मेमरीचं जेमतेम १६.८ जीबी. खोका जवळपास तसाच, माहिती नेण्याचा वेग एक-तृतीयांश. उलट साध्या पीसीत २६६६ वेगाची डीडीआर-४ रॅमची एक पट्टी असेल तर २१ जीबीच्या आसपास मिळतात, दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दुप्पट. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. म्हणून ८ जीबीची एक पट्टी असेल तर तशीच दुसरी शोधून लावा. पट्टी खाचेत नीट दाबली की "कट्" असा आवाज येतो. गेम सुधारायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. १६ जीबीचा आग्रहही असाच आपोआप मिटतो. जुन्या गेमला ८ पुरते, पण दोन पट्ट्या झाल्या की १६ होतातच.

राहिले ऑफिसचे पीसी. सरसकट भंगार म्हणणं अन्याय आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह घ्या, त्यात सहा कोअर आणि यूएचडी ६३० हे पोटातलं ग्राफिक्स असतं. आठवीच का? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. हार्ड डिस्क असेल तर काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) टाका, लोडिंगचा निम्मा वैताग जाईल. फक्त चपटा, बारीक डबा घेताना विचार करा. त्यात पुढे फक्त बुटकं कार्ड बसतं आणि त्याचा पॉवर सप्लायही बाजारात सहज मिळत नाही.

आपल्याकडं अजून एक गोष्ट बघावी लागते. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं होतं. भिजलेली मशीन वाळवून, पुसून विकलेली मी स्वतः उघडलीत. बाहेरून चकाचक. पण मदरबोर्डाचा एक स्क्रू काढा आणि त्या भोकाच्या कडेला बघा. पिवळट चिखलाची बारीक रेघ दिसली, किंवा यूएसबीच्या खाचेत आत गंज दिसला, तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

मेसेज अगदीच खोटा नाही. २०२५ ची सिव्हिलायझेशन सेव्हन किमान ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० च्या तोडीचं कार्ड मागते. २०२२ ची टोटल वॉर वॉरहॅमर थ्री डिस्कवर १२० जीबी जागा खाते. ज्याला हेच खेळायचंय त्यानं पैसे साठवावेत. पण तो हिशोब सगळ्या स्ट्रॅटेजी गेमना लावू नका. झिरो ए.डी., फ्रीसिव्ह, बॅटल फॉर वेसनॉथ या तर फुकट आहेत. दुकानात जाताना झिरो ए.डी. पेनड्राइव्हवर न्या, पैसे देण्याआधी समोर टाकून अर्धा तास चालवून बघा. नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

त्या गृहस्थांनी आठव्या पिढीचा आय-फाइव्ह घेतला, दोन पट्ट्या आणि एसएसडी टाकून. रोख, हप्ता नाही. पोरगं आता एज ऑफ एम्पायर्सच्या एडिटरमध्ये (स्वतःचा नकाशा बनवायच्या सोयीत) १६६० चा पन्हाळ्याचा वेढा उभा करतंय. परवा सांगत आलं, "काका, सिद्दी जौहरचं सैन्य लई वाढवलं की अडकाय लागतंय." मी म्हटलं, थोडं कमी कर. म्हणालं, "केलं. पण तोफा ठेवल्यात."